नोझावा ओन्सेन: बर्फाचे उतार, गरम कुंडं आणि वाचकांचे प्रश्न

जपानच्या नागानो प्रांतातल्या नोझावा ओन्सेन या गावी स्कीइंगला जाऊ पाहणाऱ्या वाचकांच्या निवडक प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न: आम्ही चौघं पुण्याहून निघणार. जानेवारी बरा की मार्च? तोक्योहून पोहोचायचं कसं?

भुसभुशीत ताजा बर्फ हवा असेल तर जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. सैबेरियाकडून येणारे थंड वारे जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलतात आणि डोंगराला अडले की तो ओलावा बर्फ होऊन पडतो. पावसाळी वारे सह्याद्रीला अडतात, तोच प्रकार. मार्चमध्ये ऊन मिळतं, पण दुपारनंतर खालच्या उतारांवर बर्फाचा चिखल होतो आणि नवशिक्याचे पाय त्यात अडकतात. १५ जानेवारीला गावात दोसोजिन अग्निउत्सव असतो. तो पाहायचा नसेल तर ते दोन-तीन दिवस टाळा, कारण खोल्या मिळत नाहीत.

तोक्यो किंवा उएनो स्थानकावरून होकुरिकू शिनकानसेन या बुलेट ट्रेनच्या मार्गावरची 'हाकुताका' गाडी पकडा आणि इइयामाला उतरा. साधारण दोन तास लागतात. त्याच मार्गावरची 'कागायाकी' इइयामाला थांबत नाही, आणि चूक होते ती इथेच. स्थानकावरून गावापर्यंत बस सुमारे २५ मिनिटांत नेते, पण शेवटच्या बसची वेळ पाहूनच गाडी ठरवा. पारंपरिक सरायांत रात्रीचं जेवण सहा-सातलाच वाढतात, उशीर झाला तर ते बुडालं समजा. एवढ्याच प्रवासासाठी अख्ख्या जपानचा रेल्वे पास घेऊ नका: ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास ५०,००० येनचा झाला, तो वसूल होत नाही.

मोठ्या बॅगा विमानतळावरच्या 'ताक्क्यूबिन' काउंटरवरून थेट मुक्कामी पाठवता येतात. त्या पोहोचायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून औषधं आणि गरम कपडे हातातल्या पिशवीत ठेवा.

प्रश्न: स्कीवर कधी पाय ठेवलेला नाही. सामान विकत घ्यावं का?

नको. स्की, बूट, काठ्या, हेल्मेट आणि वरचे जलरोधक कपडे गावात भाड्याने मिळतात. स्वतःचे फक्त हातमोजे, गॉगल, स्कीचे मोजे आणि अंगाला चिकटणारे आतले कपडे न्या. आतले कपडे सुती नकोत. घाम धरून ठेवतात आणि थांबलात की हुडहुडी भरते.

सहल बिघडवतात ते बहुधा बूट. माप सेंटिमीटरमध्ये असतं, म्हणून घरूनच टाचेपासून अंगठ्यापर्यंत पाऊल मोजून जा. बूट घालून ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत, गुडघे वाकवले की सुटली पाहिजेत, आणि टाच उचलता कामा नये. मोज्यांचा एकच जोड. दोन घातले की चुण्या पडतात, रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्त गारठतात. दुकानदाराला वजन खरं सांगा (दोन-चार किलो चोरू नका!). पडल्यावर बूट स्कीपासून किती ताकदीने सुटायचा, ते त्या आकड्यावर ठरतं.

पहिला अख्खा दिवस हिकागे भागातल्या खालच्या उतारांवर प्रशिक्षकाबरोबर घालवा. डोंगराचा माथा १,६५० मीटरवर आणि पायथा ५६५ मीटरवर आहे. उत्साहाच्या भरात वर गेलात आणि पाय थरथरायला लागले, तर गोंडोलानेच (तारेवरच्या बंद पाळण्यानेच) खाली या. त्यात लाज कसली?

प्रश्न: आई शुद्ध शाकाहारी आहे. जेवणाचं काय?

अडचण मांसाची नाही, 'दाशी'ची आहे. सुकवलेल्या बोनिटो माशाचं हे पाणी मिसो सूपमध्ये, सोबा नूडल्सच्या रश्शात, उकडलेल्या भाजीतही असतं. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटलंत तर मासा चालतो असा समज होऊ शकतो. 'निकु मो साकाना मो कात्सुओ-दाशी मो ताबेरारेमासेन' (मांस, मासा, बोनिटोची दाशी यांतलं काहीच खाता येत नाही) हे वाक्य जपानी लिपीत फोनवर ठेवा आणि खोली घेतानाच कळवा. आईंसाठी लहानसं स्वयंपाकघर असलेली खोली सर्वांत सोयीची. पोहे, उपमा, मेतकूट पॅकबंद न्या. 'ओयाकी' या भरल्या पिठाच्या गोळ्यांत गोड लाल घेवड्याच्या सारणाचा निवडा, भाजीच्या सारणाबद्दल विचारून घ्या.

प्रश्न: सार्वजनिक कुंडांत खरंच कपडे काढून उतरायचं? वडिलांना रक्तदाब आहे, त्यांना चालेल?

हो, अंगावर काहीही नको, पण स्त्री-पुरुषांची सोय वेगळी असते. गावात अशी तेरा मोफत स्नानगृहं आहेत आणि गावकरीच ती साफ ठेवतात. दारातल्या पेटीत नाणी टाका. आधी कुंडाबाहेर अंग धुवा, साबणाचा फेस पाण्यात जाऊ देऊ नका, केस वर बांधा, पंचा पाण्यात बुडवू नका. पाणी चटका बसेल इतकं गरम असतं. थंड पाण्याचा नळ सोडण्याआधी आत बसलेल्यांना विचारा. आंघोळीला आलेल्या गावकऱ्यांना ते कढतच आवडतं. लाज वाटत असेल किंवा शॉवर हवा असेल तर 'फुरुसातो नो यु' हे पैसे देऊन वापरायचं स्नानगृह बरं.

पाण्यात गंधक आहे. चांदीची जोडवी, पैंजण काळे पडतात, खोलीवरच काढून ठेवा.

वडिलांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावं. परवानगी मिळाली तरी एकट्याने जाऊ नये, दारू घेऊन तर नाहीच. पायांवर, मग खांद्यांवर पाणी ओतून हळूहळू उतरावं, तीन-चार मिनिटांत बाहेर यावं आणि झटकन उभं राहू नये. घेरी येते ती त्याच क्षणी.

प्रश्न: नेहमीचा प्रवास विमा पुरेल?

बहुधा नाही. स्कीइंग वेगळं जोडावं लागतं, आणि आखलेल्या मार्गाबाहेरचा अपघात अनेक पॉलिसींत वगळलेला असतो. मार्गाची हद्द दाखवणाऱ्या दोरीपलीकडचा बर्फ कितीही मोहक दिसला तरी दोरी ओलांडू नका.