आम्ही बर्मिंगहॅमला राहतो. शाळांच्या उन्हाळी सुट्टीत सासू-सासरे आणि लहान मुलांना घेऊन स्कॉटलंडच्या बेटांवर आठ दिवस जायचंय. स्काय, मल आणि आयला ही तिन्ही बेटं होतील का? आणि पावसाने अडेल का?

तिन्ही करू नका. एकच करा, आणि माझं ऐकाल तर आइल ऑफ मल करा.

आम्ही ग्लासगोला राहतो. २०१९ च्या जुलैत, पहिल्या आठवड्यात, माझे आई-बाबा, आम्ही दोघं आणि दोन मुलं असे सहा जण मलवर सात रात्री राहिलो. बाबा तेव्हा ६८ वर्षांचे होते आणि आईचे गुडघे दुखरे. तुमच्या घरची मंडळी साधारण तशीच दिसतात, म्हणून सविस्तर लिहिते.

एकाच बेटाचा आग्रह का, तर तिथला बेत हवामान ठरवतं. तुम्ही पावसाचं विचारलंय, पण पावसाने फारसं अडत नाही. बुरबुर येते, अर्ध्या तासात ऊन पडतं, पुन्हा बुरबुर. अडतं ते वाऱ्याने. समुद्र खवळला की छोट्या बोटी सुटत नाहीत. आमची स्टाफा बेटाची फेरी सोमवारी रद्द झाली, मंगळवारीही झाली, गुरुवारी मिळाली. मंगळवारी सकाळी सामान भरून दुसऱ्या बेटाकडे निघालो असतो तर या सहलीतला सगळ्यात मोठा दिवस हुकला असता.

स्टाफा म्हणजे मलच्या पश्चिमेला समुद्रात उभा असलेला काळ्या खांबांचा डोंगर. बोटीतून उतरल्यावर त्या खांबांच्या तुटलेल्या माथ्यांवरून, कठडा धरून, फिंगलच्या गुहेकडे जायचं. आई धक्क्याजवळच बसली, आम्ही पुढे गेलो. वाटेत बाबा थांबले आणि त्यांनी एका खांबावर तळवा ठेवला. आमचं गाव खटाव तालुक्यातलं. तरुणपणी बाबांनी स्वतःच्या शेतात विहीर खोदली होती. वर मुरूम, त्याखाली मांजऱ्या दगड, आणि मग सुरुंग लावल्याशिवाय न हलणारा काळा पाषाण. "अगं, हा आपल्या विहिरीतला दगड आहे," ते म्हणाले. खरंच तोच, बेसॉल्ट. आपल्या सह्याद्रीचे लाव्हाचे थर साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, स्टाफाचे साधारण सहा कोटी. जाड थर सावकाश थंड होताना आकसतो आणि त्याला तडे जाऊन असे पाच-सहा कोनी खांब तयार होतात. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिली असेल तर हे लगेच ओळखू येईल. गुहेत लाट शिरली की आतून पखवाजावर थाप पडल्यासारखं घुमायचं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. घरी आल्यावर मात्र मोठ्या नातवाला कागदावर विहिरीचे थर काढून दाखवत बसले.

स्टाफाच्या माथ्यावर पफिन असतात. पारव्याएवढा पक्षी, चोच नारिंगी, चालणं लगबगीचं. धाकटीला गवतावर गप्प बसायला सांगितलं होतं. पाचेक मिनिटांत एक पफिन चोचीत चांदीसारखे मासे आडवे धरून तिच्यापासून चार हातांवर उतरला आणि बिळात गेला. माणसं आसपास असली की मासे लुबाडणारे कुरव पक्षी लांब राहतात, म्हणून पफिन इतके जवळ येतात.

इथे तुमच्या तारखांचा प्रश्न येतो. बर्मिंगहॅमच्या शाळा जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुटतात आणि तोवर पफिन समुद्राकडे परतायला लागलेले असतात. मुलांना पफिनचं आधीच वचन देऊ नका. पांढऱ्या शेपटीचा समुद्री गरुड मात्र उन्हाळाभर दिसतो. हा पक्षी ब्रिटनमधून नाहीसा झाला होता. १९७५ पासून नॉर्वेहून पिल्लं आणून सोडली, आणि १९८५ मध्ये मलवरच्या घरट्यातून पहिलं पिल्लू उडालं.

आता जाण्याचं. ग्लासगोहून ओबन अडीच तास, तिथून मलवरच्या क्रेगन्यूर बंदराची फेरीबोट पाऊण तासाची. आधी फेरीबोटीत गाडीची जागा मिळवा, मगच घर ठरवा. सुट्टीत गाड्यांच्या जागा महिनोन्‌महिने आधी संपतात. डिझेल-पेट्रोल ओबनलाच भरून घ्या. क्रेगन्यूरहून आम्ही राहिलो ते बनेसन गाव तासाभराच्या अंतरावर. रस्ता एकाच गाडीच्या रुंदीचा, समोरून गाडी आली की बाजूच्या रुंद जागेत थांबायचं. मागे स्थानिक माणूस असेल तर त्यालाही पुढे जाऊ द्या, त्याला कामावर जायचं असतं. आणि त्या जागांमध्ये फोटोसाठी गाडी लावू नका, ही कळकळीची विनंती. वळणं लागतात, आल्याच्या वड्या जवळ ठेवा.

बनेसनजवळच्या फिनाफोर्टहून आयोना बेट दहा मिनिटांवर. पाहुण्यांच्या गाड्यांना तिथे परवानगी नाही, त्यामुळे सगळं बेट चालत्या माणसाच्या वेगाचं. इ. स. ५६३ मध्ये आयर्लंडहून आलेल्या संत कोलंबाने इथे मठ स्थापला. दगडी चर्चच्या दाराशी आईने कुणी न सांगता बूट काढले, आत बाकावर बसून डोळे मिटले. फरशी गार होती, पण ती अर्धा तास उठली नाही. सासूबाईंना इथे नक्की न्या, आणि परतीची घाई करू नका.

स्वयंपाकघर असलेलं घरच घ्या. आम्ही तूरडाळ, पोहे, गोडा मसाला आणि छोटा कुकर ग्लासगोहून नेला. गावात दुकान छोटं होतं. मासे खात असाल तर ताजा मॅकरल मिळाल्यावर सोडू नका, आपल्या बांगड्याच्याच कुळातला आहे. आईने तिखट-मीठ-हळद लावून तव्यावर परतला आणि सगळ्यांनी बोटं चाटली. सूर्य रात्री सव्वादहाला मावळायचा. आई घड्याळ बघून सातला देवापुढे दिवा लावायची, बाहेर लख्ख ऊन असायचं. झोपायच्या खोल्यांना जाड पडदे आहेत का, हे घरमालकाला आधी विचारा. मुलं आणि म्हातारी माणसं दोघांचीही झोप त्यावर अवलंबून आहे.

मिज नावाची बारीक चिलटं वारा पडला की संध्याकाळी थव्याने येतात आणि चावून हैराण करतात. स्मिज नावाचा स्प्रे घ्या, मुलांसाठी डोक्यावरून घ्यायच्या जाळ्या घ्या.

स्टाफाची बोट बुक करताना दोन गोष्टी विचारा: त्या दिवसांत बेटावर उतरता येतं का, आणि गुहेपर्यंतची वाट उघडी आहे का. सासऱ्यांना पायऱ्या जमतील की नाही तेही सांगा. आणि बोट आठवड्याच्या सुरुवातीची घ्या, म्हणजे रद्द झालीच तर पुढचे दिवस हाताशी राहतील.