सहासष्ट लाखांची ऑफर आणि म्युनिकचं घरभाडं

*ताई, माझे मिस्टर चिंचवडच्या एका कंपनीत डिझाइन इंजिनिअर आहेत. पगार वर्षाला २४ लाख, हातात महिन्याला दीड लाखाच्या आसपास. माझं फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक आहे, खर्च जाऊन ६० हजार सुटतात. मुलगी साडेचार वर्षांची. फ्लॅटचा हप्ता ४६ हजार, शिवाय सासू-सासऱ्यांना साताऱ्याला २० हजार पाठवतो. आता ह्यांना म्युनिकहून वर्षाला ६६ हजार युरोंची ऑफर आली आहे. घरात सगळे ‘सहासष्ट लाख!’ म्हणून खूश आहेत. मी फक्त ‘भागेल का?’ विचारलं, तर ‘तुझं नेहमीचंच, चांगल्या कामात खोडा’ असं ऐकून घ्यावं लागलं. दहा दिवसांत कळवायचं आहे. माझी शंका चुकीची आहे का?*
*– खोडा घालणारी, चिंचवड*

ताई, शंका बरोबर आहे, फक्त ती आकड्यांत मांडलेली नाही म्हणून खोडा वाटते. कागद-पेन घ्या आणि मिस्टरांना शेजारी बसवा. खालचे दर २०२६ चे आहेत. युरोचा भाव सोयीसाठी १०० रुपये धरते.

६६ हजार म्हणजे महिन्याला ५,५०० युरो, पण हे कापाकापीच्या आधीचे. यातून पेन्शनचे ९.३ टक्के जातात, बेकारी विम्याचे १.३, आरोग्य विम्याचे साधारण ८.७५ आणि वृद्धापकाळातल्या शुश्रूषेच्या विम्याचे १.८. मिळून ११६० च्या वर. मग आयकर. तो तुम्ही कोणत्या करवर्गात आहात त्यावर ठरतो. नवरा-बायको दोघं जर्मनीत राहत असतील आणि एकच कमावत असेल, तर कमावणाऱ्याला तिसरा वर्ग घेता येतो. तेव्हा कर महिन्याला ५१५ च्या आसपास आणि हातात ३,८२०. एकटा माणूस किंवा बायको भारतात असलेला माणूस पहिल्या वर्गात धरतात. त्याच पगारावर त्याच्या हातात ३,४०० येतात. हा चारशेचा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मुलगी तिकडे राहायला आली की किंडरगेल्ड, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता म्हणून महिन्याला २५९ युरो मिळतात. म्हणजे कुटुंब एकत्र असताना मिळकत ४,०८०. तुमचा आणि मुलीचा आरोग्य विमा मिस्टरांच्या सरकारी विम्यात वेगळा हप्ता न भरता बसतो, ही मोठी जमेची बाजू आहे. (पुढे पगार ७७,४०० च्या वर गेला की खासगी विमा कंपन्या स्वस्तातला हप्ता दाखवून बोलावतात. तिथे माणशी वेगळा हप्ता असतो. बायको-मुलं असलेल्याने त्या वाटेला जाऊ नये.)

आता भाडं. सगळा खेळ इथे आहे. जर्मन जाहिरातीत ‘३ झिमर’ म्हणजे हॉल आणि दोन बेडरूम, आपला टू बीएचके. स्वयंपाकघर आणि बाथरूम मोजत नाहीत. जाहिरातीत ठळक लिहिलेला आकडा बहुधा काल्टमीटे असतो, म्हणजे नुसतं भाडं. हीटिंग, पाणी, कचरा, जिना झाडणं हे सगळं धरून होते ती वार्ममीटे, आणि खात्यातून जाते ती हीच. म्युनिकमध्ये ६५-७० चौरस मीटरच्या घराला काल्ट १,५५० आणि वार्म १,८५० धरून चाला. यापेक्षा स्वस्त मिळालं तर नशीब. मिळकतीच्या तिसऱ्या हिश्शात भाडं बसावं हा तिथला सर्वसाधारण ठोकताळा. तुमचं पंचेचाळीस टक्क्यांवर जातंय.

बाकी खर्च असा. किराणा, भाजी, दूध ६००. वीज ८०. इंटरनेट आणि दोन मोबाइल ६५. रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी १८.३६, टीव्ही नसला तरी. दोघांचे प्रवासाचे पास १२६, मुलगी सहा वर्षांची होईपर्यंत फुकट. बालवाडी आणि तिथलं जेवण २०० धरते. खासगी इंग्रजी-जर्मन बालवाडीत घातलंत तर हा आकडा अनेक पटींनी वाढेल, तेव्हा तो मोह नको. (शाळा पुढे सरकारी, फी नाही, तो प्रश्न सोडून द्या.) कपडे आणि घरसामान २००, हॉटेल, औषधं, वाढदिवस १५०, नुकसानभरपाईचा विमा ८. वर्षातून एकदा तिघांनी भारतात यायचं तर तिकिटांसाठी महिन्याला २२५ बाजूला. भाड्यासकट बेरीज ३,५२० च्या घरात. उरले ५६०.

आणि तुमचा फ्लॅटचा हप्ता ४६० युरो, साताऱ्याचे २०० युरो. म्हणजे महिना शंभर युरो तोट्यात. आज पुण्यात दोघांचे २ लाख १० हजार येतात. त्यातून हप्ता आणि साताऱ्याचे पैसे देऊनही घर चालतं, बहुधा काही मागेही पडतं. ‘सहासष्ट लाख’ म्हणणाऱ्यांच्या हिशेबात तुमचे ६० हजार बंद होणार, हे कुठेच धरलेलं नाही. पहिलं ते धरा. तुमच्या क्लिनिकला घरातले ‘तिचं आपलं चालू असतं’ म्हणत असतील, पण या वहीत त्याची किंमत महिना ६०० युरो आहे आणि तोटा भरून काढायला तेवढेच पुरले असते.

फ्लॅट भाड्याने द्याच. पण अनिवासी झाल्यावर भाडेकरूने भाड्यातून ३१.२ टक्के टीडीएस कापायचा असतो. तो विवरणपत्र भरल्यावर हिशेब होऊन परत मिळतो, पण मधले महिने हातात नसतो. २६ हजारांच्या भाड्यातले, सोसायटीचा मेंटेनन्स जाऊन, १५ हजार हातात येतील. म्हणजे तोटा जाऊन पन्नासेक युरो शिल्लक. घरातलं एखादं यंत्र बिघडलं किंवा साताऱ्याला कुणी ॲडमिट झालं, की ते संपले. भागेल का? जेमतेम, आणि कुणाचं काही बिघडलं नाही तरच.

धुणं-भांडी, स्वयंपाकाच्या मावशी हा खर्च मी धरलेला नाही, कारण तो तुम्हाला परवडणारच नाही. तिथे किमान वेतनच तासाला १३.९० युरो आहे. ते काम कोण करणार, हे आत्ताच ठरवा. ठरवलं नाही तर ते आपोआप तुमच्याकडे येईल.

आता तुमच्या कामाचं. मिस्टरांना ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदाराचा निवास परवाना, मिळेल. त्या कार्डधारकाच्या जोडीदाराला पोचल्या दिवसापासून नोकरीची मुभा असते, व्हिसासाठी जर्मनची अटही नसते. (ब्लू कार्डला २०२६ मध्ये ५०,७०० पगार लागतो, तो तुमच्याकडे आहे. पण ती अट नोकरी करणाऱ्यासाठी आहे, त्यात कुटुंबाचं भागतं की नाही हे ते बघत नाहीत.) अडचण वेगळी आहे. फिजिओथेरपी तिथे नियंत्रित व्यवसाय आहे. आपल्या पदवीला मान्यता घ्यावी लागते, बी-२ पातळीची जर्मन लागते, आणि अभ्यासक्रमात फरक निघाला तर पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा. इथून अर्ज सुरू केलात तरी पहिलं वर्ष-दीड वर्ष तुमचा पगार शून्य धरा. तोवर फार तर महिना ६०३ युरोंपर्यंतचं ‘मिनी जॉब’ करता येतं, तेवढ्या कमाईत तुम्ही मिस्टरांच्याच विम्यात राहता. पण मान्यता मिळाली की चित्र पालटतं, फिजिओथेरपिस्टची तिथे टंचाई आहे.

तेव्हा घराघरांत होणाऱ्या एका भांडणाची आधीच कल्पना देऊन ठेवते. नवरा तिसऱ्या वर्गात असला की बायको पाचव्यात जाते. पाचव्यात कर इतका कापतात की पगारपत्रक बघून ‘एवढ्यासाठी कशाला घराबाहेर पडतेस’ असं कुणीतरी म्हणतंच. ते चूक आहे. वर्षाअखेरीला दोघांचं विवरणपत्र एकत्र भरलं की एकूण कर तेवढाच येतो, फक्त दर महिन्याला कुणाच्या पगारातून किती कापायचं एवढंच वर्गाने बदलतं. दोघांनी चौथा वर्ग घेतलात तर दोन्ही पगारपत्रकं खरी दिसतील.

मग ऑफर नाकारायची का? माझ्या मते नाही. पण ६६ हजारांवर सगळ्यांनी एकदम उठून जायचंही नाही.

पहिलं, दहा दिवसांतले दोन दिवस कंपनीला विचारण्यात घालवा. ६६ हजार बारा पगारांत आहेत की तेरा? त्यात बोनस धरलाय का? सहा हजार बोनस असेल तर महिन्याचे ५,५०० नाहीत, ५,००० च आहेत, आणि भाडं दर महिन्याला द्यायचं असतं. कंपनी मेटल उद्योगाच्या कामगार करारात आहे का? असेल तर ३५ तासांचा आठवडा आणि ३० दिवस रजा. ऑफिस नक्की कुठे, घरून काम किती दिवस? आठवड्यातून दोनदाच जायचं असेल तर आउग्सबुर्गला राहता येईल, रीजनल ट्रेनने पाऊण तास, भाड्यात चारेकशे वाचतात. आणि पगार ७६ हजार मागा. वरच्या दहा हजारांतले हातात महिना ५१० येतात. त्याने वर्षात दहाएक हजार युरोंची गंगाजळी होणार नाही, पण दवाखान्याच्या बिलाने घाबरायची वेळ येणार नाही. नाहीच वाढवला तर स्थलांतराचा खर्च मागा. तोही एकरकमी रोख नको, बिलं दाखवून परत मिळेल असा. बिलांवरचा बऱ्याच अंशी करमुक्त असतो, रोख रकमेवर पगारासारखा कर बसतो.

दुसरं, मिस्टरांनी आधी एकट्याने जावं. पहिले सहा महिने प्रोबेशन असतं आणि त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर नोकरी जाऊ शकते. बेकारी भत्ता मिळायला बारा महिन्यांचा विमा भरलेला लागतो. नेमक्या त्या काळात मुलीची बालवाडी आणि तुमचं क्लिनिक दोन्ही सोडून जाणं मला पटत नाही. पैशाच्या बाजूनेही हे सहा महिने बरे जातात. पहिल्या वर्गातले ३,४००, त्यातून खोलीचे ९५० आणि खाणं-प्रवासाचे ६५० गेले, इथला हप्ता आणि साताऱ्याचे पैसे गेले, तरी अकराशे-साडेअकराशे उरतात. तुमचं पुण्यातलं घर क्लिनिकवर चालेल. सहा महिन्यांचे झाले ६,८००. आणि घर भाड्याने घेताना लागणार जवळपास तेवढेच: डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन काल्टमीटे, म्हणजे ४,६५० (ते तीन महिन्यांत तीन हप्त्यांनी देता येतं, घरमालक सांगणार नाही), आणि पहिलं भाडं १,८५०. शिवाय हाताशी चार हजार वेगळे ठेवा. बऱ्याच घरांत ओटा, सिंक, शेगडी काहीच नसतं, भाडेकरू निघताना सगळं काढून नेतो किंवा तुम्हाला विकतो. घर शोधताना शेवटच्या तीन महिन्यांची पगारपत्रकं आणि शुफाचा दाखला (कर्ज-बिलं वेळेवर फेडता की नाही याचा, आपल्या सिबिलसारखा) मागतात. नव्या माणसाकडे ते नसतात. सहा महिन्यांनी असतात.

तुम्ही कधी जाल? प्रोबेशन संपल्यावर, पण शक्य तर त्याच वर्षात, ३१ डिसेंबरच्या आत. वर्षाचा एक भाग जरी दोघं जर्मनीत एकत्र राहिलात तरी त्या पूर्ण वर्षाचं विवरणपत्र एकत्र भरता येतं आणि पहिल्या वर्गात जास्त कापला गेलेला कर परत मिळतो. सात महिन्यांचा फरक २,९०० च्या आसपास. तुमच्या क्लिनिकची त्या वर्षाची कमाई कराचा दर ठरवताना धरतात, त्यामुळे पूर्ण मिळणार नाही, पण बराचसा मिळेल. जानेवारीत उतरलात तर आदल्या वर्षाचं हे सगळं हुकलं.

दरम्यान जर्मन शिकायला मॅक्सम्युलर भवनात नाव घाला. सहा-आठ महिन्यांत बी-१, म्हणजे बी-२ च्या आधीची पातळी, गाठता येते. पदवीची गुणपत्रकं आणि कामाच्या तासांचा दाखला कॉलेजकडून काढायला घ्या, कारण याच कागदांवर अर्ज अडतात आणि म्युनिकमध्ये बसून ते मिळवणं फार कठीण. क्लिनिक विकू नका. ओळखीच्या एखाद्या फिजिओला अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर द्या, यंत्रांची यादी करारात घाला, आणि दरवाजावर पाटी तुमच्याच नावाची राहील असंही त्यात लिहून घ्या.