टाळेबंदीतील गळतीचा खर्च कोणी सोसायचा?

प्रश्न : आम्ही ठाण्यात एका सहकारी गृहनिर्माण संस्थेत तिसऱ्या मजल्यावर राहतो. वरच्या सदनिकेचे मालक 2020च्या मार्चमध्ये गावी गेले, ते ऑक्टोबर उजाडला तरी परतलेले नाहीत. एप्रिलपासून त्यांच्या न्हाणीघराखालच्या आमच्या छतातून पाणी गळू लागले. करोनामुळे बाहेरच्या कोणालाही प्रवेश नाही, असे सांगून समितीने प्लंबरला आत येऊ दिले नाही. शेवटी ऑगस्टअखेर, किल्ली ज्यांच्याकडे होती त्या शेजाऱ्यांनी दार उघडून दिले आणि पाइप दुरुस्त झाला. तोवर प्लास्टर कोसळले होते, वायरिंग जळाले होते. घराच्या दुरुस्तीला 46,000 रुपये लागले. समिती म्हणते, हा दोन सभासदांमधला वाद आहे. मालक म्हणतात, मी तिथे नव्हतोच. जूनपासून मी देखभाल शुल्क थांबवले आहे. माझे पैसे कोण देईल?

उत्तर : सर्वांत आधी, फुटलेला पाइप नेमका कुठला होता हे आपल्या प्लंबरकडून लेखी घ्या, आपल्या पत्रात एवढीच गोष्ट सापडत नाही आणि सारे काही तिच्यावर अवलंबून आहे. संस्थेने 2014चे आदर्श उपविधी (गृहनिर्माण संस्थांसाठीची नमुना नियमावली) स्वीकारले असतील, तर बाहेरच्या सामाईक जलवाहिन्या, सांडपाण्याच्या वाहिन्या आणि त्यांतून होणारी गळती यांची दुरुस्ती संस्थेने स्वखर्चाने करायची असते, तर सदनिकेतील शौचालय, सिंक इत्यादींमुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च त्या सदनिकाधारकाचा असतो. डक्टमधली, म्हणजे इमारतीच्या उभ्या पोकळीतली सामाईक लाईन फुटली असेल तर संस्था, भिंतीत किंवा लादीखाली दडवलेला घरातला पाइप फुटला असेल तर वरचे मालक, असा हा सरळ हिशोब आहे.

पाइप वरच्या मालकांचा निघाला तरी समिती मोकळी होत नाही. सभासदाला पूर्वसूचना देऊन सदनिकेची पाहणी करणे, दुरुस्तीची नोटीस देणे आणि त्याने ती न केल्यास संस्थेमार्फत काम करून खर्च त्याच्याकडून वसूल करणे, हे अधिकार उपविधींनी समितीला दिले आहेत. त्यामुळे ‘दोन सभासदांमधला वाद’ हे उत्तर टिकणारे नाही.

प्लंबरला अडवण्याबाबत मात्र पाचही महिन्यांना एकच माप लावता येणार नाही. 25 मार्चपासूनच्या टाळेबंदीत समितीला दोष देणे कठीण आहे. केंद्राच्या 15 एप्रिलच्या मार्गदर्शक सूचनांनी प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सुतार यांना 20 एप्रिलपासून काही अटींवर कामाची मुभा दिली होती. पण मुंबई आणि पुणे महानगर क्षेत्रांतील सवलती राज्य सरकारने लगेच आखडत्या घेतल्या, म्हणून त्या काळावर मी भिस्त ठेवणार नाही. राज्याच्या 31 मेच्या आदेशाने 3 जूनपासून प्लंबर, इलेक्ट्रिशियन यांसारख्या स्वयंरोजगार करणाऱ्यांना मुखपट्टी व सुरक्षित अंतर पाळून काम करण्याची स्पष्ट परवानगी मिळाली आणि तेथून समितीची बाजू लंगडी पडते. आपली इमारत त्या दिवसांत करोनामुळे बंद केलेल्या प्रतिबंधित क्षेत्रात नसेल, तर सरकारने ज्याला मुभा दिली त्याला फाटकावर सरसकट अडवण्याचा अधिकार समितीला कोणत्याही कायद्याने दिलेला नव्हता. ठाण्यात 2 जुलैपासून पुन्हा कडक टाळेबंदी लागली, तो काळ वजा करावा लागेल. उरतात जूनचे जवळजवळ चार आठवडे, जुलैचा उत्तरार्ध आणि ऑगस्ट. यांपैकी कोणत्या दिवशी आपण लेखी तक्रार केली आणि कोणते नुकसान त्यानंतर झाले, याची तारीखवार नोंद तयार करा. शिवाय, त्या लाईनचा गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करायला बाहेरचा माणूस लागत नव्हता. ती लाईन इतर घरांनाही पाणी पुरवत नसेल, तर एवढे साधे काम का झाले नाही, हा प्रश्न समितीला अवश्य विचारा.

वरच्या मालकांची सबब अर्धीच खरी आहे. आंतरजिल्हा प्रवासासाठी ई-पासची (ऑनलाइन परवान्याची) अट 2 सप्टेंबरपर्यंत होती, म्हणून ते स्वतः आले नाहीत हे समजण्यासारखे आहे. परंतु किल्ली शेजारी असताना फोनवरून संमती देण्यास त्यांना काय अडचण होती, हे त्यांना सांगता आले पाहिजे. त्यांना गळती केव्हा कळवली, याचे व्हॉट्सॲप संदेश जपून ठेवा आणि तो फोन बदलू नका.

46,000 रुपयांत नवे फॉल्स सीलिंग किंवा महागडे रंगकाम असेल तर ते वगळा. पूर्वी होते ते पूर्ववत करण्याचा खर्च मागता येतो, घर सुधारण्याचा नव्हे.

देखभाल शुल्क थांबवणे ही आपली चूक आहे, हे स्पष्ट सांगायला हवे. नुकसानभरपाईचा दावा आणि शुल्क यांची परस्पर वजावट सभासदाला करता येत नाही. 2014च्या उपविधींनुसार थकबाकीवर वार्षिक 21 टक्क्यांपर्यंत सरळव्याज लागू शकते आणि संस्था सहकार खात्याच्या निबंधकांकडून वसुली दाखलाही (थकबाकी सक्तीने वसूल करण्याचा आदेश) मिळवू शकते. सर्व रक्कम ‘हक्क राखून’, म्हणजे भरपाईचा दावा न सोडता, असे लिहून भरा.

त्यानंतर संस्था आणि वरचे मालक या दोघांना, बिले व छायाचित्रे जोडून, स्पीड पोस्टाने पोचपावतीसह नोटीस पाठवा आणि 15 दिवसांची मुदत द्या. उपनिबंधकांकडे समितीच्या कारभाराची तक्रार करता येईल, पण ते आपल्याला भरपाई देऊ शकणार नाहीत. संस्थेविरुद्धचा वाद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960च्या कलम 91खाली सहकार न्यायालयात नेता येतो. केवळ वरच्या मालकांकडून भरपाई हवी असेल तर दिवाणी न्यायालय अधिक सुरक्षित. सर्वोच्च न्यायालयाच्या 23 मार्च 2020च्या आदेशाने दावा दाखल करण्याची मुदत 15 मार्च 2020पासून पुढील आदेशापर्यंत वाढवलेली होती, त्यामुळे तेव्हा मुदतीची घाई नव्हती, पण ही वाढ फेब्रुवारी 2022अखेर संपली. खरी घाई आहे ती प्लंबरच्या लेखी अहवालाची, कारण बदललेला जुना पाइप फेकला गेला असेल तर तो अहवालच आपला मुख्य पुरावा ठरेल.