पत्रक सहा भाषांत निघालं, मग बैठकीला तीच चार माणसं का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: महासाथीचा काळ, वस्तीत निरनिराळ्या भाषांचे, धर्मांचे, देशांतून आलेले लोक राहतात. त्यांनी स्थानिक निर्णयांत, मदतकार्यात, सर्वेक्षणात भाग घ्यावा म्हणून तुम्ही सहा भाषांत पत्रकं वाटलीत, ऑनलाइन बैठक ठेवलीत, आणि पडद्यावर उगवली ती नेहमीचीच चार माणसं. मग या लोकांना रसच नाही असं समजायचं का?

रस असतो. ज्यांची रोजी, घरातली म्हातारी माणसं आणि मुलांची शाळा एकाच वेळी टांगणीला लागलेली असते, त्यांना निर्णयांत रस नसेल हे कसं शक्य आहे? पत्रकं काढत राहा, पण पत्रकाने फार तर माहिती पोचते. बैठकीला माणूस येतो तो आपल्या बोलण्याने पूर्वी कधीतरी काही हललं होतं, हा अनुभव गाठीशी असेल तर. तो नसेल तर सहाच काय, सोळा भाषांत बोलावलंत तरी लोक म्हणणार, यांचं आधीच ठरलेलं असतं, आपण नुसती मान डोलवायची.

कोविडच्या काळात मी एका स्वयंसेवी गटाच्या फोनसेवेचं काम बघत होते. आमचे स्वयंसेवक घरोघरी फोन करून त्या त्या घरच्या भाषेत नियम सांगायचे: मास्क लावा, अंतर ठेवा, लक्षणं दिसली तर वेगळ्या खोलीत राहा. मजकूर छापील होता. तो वाचून दाखवायचा आणि रकान्यात खूण करायची. एका बाईंनी आमच्यातल्या मुलीला मध्येच तोडलं. "हे मला आता पाठ झालंय गं. आम्ही सहा जण एका खोलीत राहतो, मुलाची रात्रपाळी असते. उद्या तो आजारी पडला तर त्याला निजवू कुठे, तेवढं सांग." छापील कागदावर याचं उत्तर नव्हतं. मुलीने प्रश्न समासात लिहून घेतला आणि संध्याकाळी माझ्यापुढे ठेवला.

मग आम्ही क्रमच उलटा केला. आधी विचारायचं, 'तुमच्याकडे कुणी आजारी पडलं तर पहिली अडचण कोणती येईल?' नियम त्यानंतर. जागेचा प्रश्न इतक्या घरांतून आला की ती यादी घेऊनच आम्ही अधिकाऱ्यांकडे गेलो, आणि बंद असलेल्या शाळेचं एक सभागृह विलगीकरणासाठी मिळालं. यापुढची पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते. ज्यांनी ज्यांनी ही अडचण सांगितली होती, त्यांना आम्ही परत फोन केले: 'तुम्ही म्हणालात, त्यावरून हे झालं.' त्या बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "बायकांची सोय वेगळी आहे का? मीच येऊन बघते." आल्या, दाराच्या कडीपासून न्हाणीघराच्या दिव्यापर्यंत सगळ्या उणिवा काढल्या, आणि पुढे तिथल्या स्वयंसेवकांच्या पाळ्या त्याच लावायला लागल्या.

हे काही आमचं शहाणपण नव्हे. २०१४ साली गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये इबोलाची साथ पसरली तेव्हा हाच धडा फार महागात पडला. इबोलाने मेलेल्या माणसाच्या देहातूनही संसर्ग होतो, आणि अंत्यविधीत देहाला आंघोळ घालणं, स्पर्श करणं हे तिथे कर्तव्य मानलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या वेळच्या अंदाजानुसार नव्या संसर्गांपैकी किमान २० टक्के दफनविधींतून होत होते. सुरुवातीला पथकं अंगभर पोशाख घालून यायची, देह पिशवीत बंद करून न्यायची, नातेवाइकांना कुणी विचारायचं नाही. परिणाम व्हायचा तोच झाला: लोक आजारी माणसं लपवू लागले, गुपचूप दफन करू लागले. नोव्हेंबर २०१४ मध्ये संघटनेने रेडक्रॉस आणि ख्रिस्ती व मुस्लिम संस्थांना सोबत घेऊन नवी पद्धत ठरवली. घरच्यांशी आधी बोलायचं, धर्मगुरूंना प्रार्थना करू द्यायची, मुस्लिम कुटुंब असेल तर पाण्याने आंघोळीऐवजी तयम्मुम, म्हणजे कोरडी शुद्धी, आणि कफन. विषाणूबद्दलचे नियम तितकेच कडक राहिले. फरक एवढाच की त्यांच्या आत काय बसवता येईल हे ठरवताना इमाम आणि पाद्री खोलीत होते.

याच्या उलट बाजूचं उदाहरण मेलबर्नचं. ४ जुलै २०२० रोजी तिथल्या फ्लेमिंग्टन आणि नॉर्थ मेलबर्न भागांतल्या सार्वजनिक गृहयोजनेच्या नऊ उंच इमारतींना त्याच क्षणापासून लॉकडाऊन लागू झाला. सुमारे ३००० रहिवासी, त्यांतले बरेचसे स्थलांतरित आणि निर्वासित कुटुंबांतले. पूर्वसूचना नाही, दाराशी पोलीस. काहीजण युद्धातून सुटून आलेले. दाराशी उभ्या गणवेशाचा त्यांना काय अर्थ लागला असेल हे सांगायला नको. त्या पहिल्या दिवसांत समजेल अशा भाषांत माहिती तयार करणं, घराघरात सामान पोचवणं हे काम रहिवाशांतल्या आणि आसपासच्या संस्थांतल्या तरुणांनी उचललं. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. डिसेंबर २०२० मध्ये व्हिक्टोरिया राज्याच्या लोकपालांचा अहवाल आला. तसा तडकाफडकी लॉकडाऊन लावण्याने राज्याच्या मानवाधिकार कायद्याचा भंग झाला, असा त्यात निष्कर्ष आहे. मला यातली खटकणारी गोष्ट ही वाटते की ते तरुण आदल्या दिवशीही तिथेच राहत होते. एक फोन पुरला असता.

आता कुणाला फोन करायचा हा खरा किचकट मुद्दा. प्रत्येक समाजाचा एकेक 'प्रतिनिधी' शोधून समितीत बसवला की झालं, अशी पद्धत आहे. मला ती पटत नाही. हा प्रतिनिधी बहुधा वयस्कर पुरुष असतो, सरकारी भाषा त्याला उत्तम येते, आणि त्याच्या घरातल्या सुनेला काय वाटतं हे त्यालाही माहीत नसतं. त्याला टाळू नका, मान द्या, त्याच्यामुळे दारं उघडतात. पण जोडीला आणखी काही माणसं शोधा: ज्याच्याकडे सगळे फॉर्म भरून घ्यायला जातात तो, दवाखान्यात आजीसोबत दुभाषी म्हणून जाणारी कॉलेजातली मुलगी, शाळेच्या पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप गट चालवणारी आई. अफवा आधी यांच्याच फोनवर येतात आणि लोक खातरजमा करायलाही यांच्याकडेच वळतात.

आणि या कामाचे पैसे द्या. बैठकीतला अधिकारी पगारावर असतो, सल्लागार शुल्क घेतो, आणि जिच्यामुळे बैठक चालते त्या दुभाषी मुलीला मात्र आपण 'समाजसेवा' म्हणून आभाराचं प्रमाणपत्र देतो! साधं मानधन असलं तरी चालेल, पण ते आधी सांगा आणि वेळेवर द्या.

ऑनलाइन बैठकीचं म्हणाल तर तिची वेळ बहुतेक कार्यालयाच्या सोयीने ठरते. पाळीत काम करणाऱ्याला दुपार नको आणि लहान मुलं असलेल्या बाईला संध्याकाळ नको. म्हणून एक मोठी बैठक घेण्याऐवजी आधी त्या त्या भाषेत लहान लहान बैठका घ्या, साध्या फोनवरून जोडता येईल अशा, कारण व्हिडिओला डेटा लागतो आणि मागचं घर दाखवायची सगळ्यांची तयारी नसते. ज्यांना तेही जमत नाही त्यांची व्हॉइस नोट घ्या आणि ती इतिवृत्तात हजेरी म्हणून धरा. एकत्र बैठकीत दुभाषी असेल तर विषयपत्रिका त्याला आदल्या दिवशी द्या आणि बोलणाऱ्यांना दोन-तीन वाक्यांनंतर थांबायला सांगा. नाहीतर तो बिचारा अर्धं गाळतो आणि लोकांना वाटतं आपलं म्हणणं कुणी ऐकूनच घेतलं नाही.

भीतीचा मुद्दा वेगळा आहे आणि त्यावर पत्रकाचा इलाज नाही. ज्याच्या कागदपत्रांचं काम अडकलंय तो तुमच्या सर्वेक्षणाला दार उघडणार नाही, कितीही गोड बोला. पोर्तुगालने मार्च २०२० मध्ये ज्या परदेशी लोकांचे निवासाचे अर्ज प्रलंबित होते त्यांना तात्पुरतं कायदेशीर रहिवासी मानलं, म्हणजे त्यांना आरोग्यसेवा निर्धास्त घेता आली. एवढा अधिकार तुमच्या हातात नसणार. पण गोळा केलेली नावं कुणाकडे जाणार आणि कुणाकडे जाणार नाहीत हे लेखी देणं, आणि नाव लागत नसेल तिथे ते न विचारणं, हे तर हातात आहे.

जागा आणि वेळ बदलून पाहण्यातही बरंच काही साधतं. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२१ पासून बर्मिंगहॅमच्या एका मशिदीत लसीकरण केंद्र चाललं, आणि त्या वर्षी रमझानच्या आधी मुस्लिम डॉक्टरांच्या संघटनेने लस घेतल्याने रोजा मोडत नाही असं स्पष्ट केलं. तेच वाक्य सरकारी प्रवक्त्याने म्हटलं असतं तर कितीसं पटलं असतं? दक्षिण कोरियाने १५ एप्रिल २०२० रोजी, ऐन साथीत, संसदेची निवडणूक घेतली. तापमान तपासून, हातमोजे देऊन, विलगीकरणातल्या लोकांना नियमित मतदान संपल्यावर वेगळी वेळ देऊन. मतदान झालं ६६.२ टक्के, २८ वर्षांतलं सर्वाधिक. म्हणजे साथ आली की लोक घरात दडून बसतात आणि सार्वजनिक कामातून अंग काढून घेतात, हे काही खरं नाही.

पुढची बैठक बोलावण्याआधी एक कागद घ्या आणि त्यावर लिहा, यातलं अजून ठरायचं बाकी काय आहे: केंद्राची जागा, वेळ, कोणत्या गल्लीपासून सुरुवात, पैसे कशावर खर्च करायचे. तेवढेच मुद्दे आमंत्रणात टाका. जे वरून ठरून आलंय ते 'हे ठरलेलं आहे' असं स्पष्ट सांगा, त्यावर मतं मागवू नका. आणि कागद कोराच राहिला तर बैठक रद्द करून सरळ सूचना पाठवून द्या, लोकांची संध्याकाळ तरी वाचेल.