आधी चीक ओळख, मग औषध

तुझं पत्र दोनदा वाचलं. रुईच्या चिकानं उंदराच्या पंजाला आलेली सूज डायक्लोफेनॅक या वेदनाशामकानं जेमतेम कमी झाली, सिप्रोहेप्टाडिन या ॲलर्जीवरच्या औषधानं मात्र चांगली आटोक्यात राहिली, म्हणून प्रयोग फसला असं तू लिहितोस. फसलेला नाही. चीक न ओळखताच औषध तपासायला घेतलंस, एवढंच.

कॅराजिनन, म्हणजे प्रयोगात सूज आणायला नेहमी टोचतात तो समुद्री शेवाळातला पदार्थ; त्याचं वेळापत्रक तू चिकाला लावलंस. कॅराजिननची सूज तिसऱ्या-चौथ्या तासाला भरते आणि त्या टप्प्यात प्रोस्टाग्लॅंडिन या सूज आणणाऱ्या रसायनाचा वाटा मोठा असतो; डायक्लोफेनॅक तेच बनू देत नाही, म्हणून तिथे ते उठून दिसतं. रुईच्या चिकात हिस्टामिन हे सूज आणणारं दुसरं रसायन मुळातच असतं, वर ते साठवून ठेवणाऱ्या शरीरातल्या मास्ट पेशींनाही चीक ते सोडायला लावतो. सूज लवकर चढते. हिस्टामिन आणि तसंच काम करणारं सिरोटोनिन, दोन्ही अडवणारं सिप्रोहेप्टाडिन तिथे पुढे जाणारच. म्हणजे तुझे आकडे खरं बोलत होते, तूच ऐकलं नाहीस.

आधी चीक ओळख. सगळ्या प्रयोगाला पुरेल एवढा एकदाच गोळा कर, सावलीत वाळव, भुकटी एकत्र मिसळ आणि हवाबंद बाटलीत थंड ठेव. निम्मे उंदीर एका वेळच्या चिकावर आणि निम्मे दुसऱ्या वेळच्या, असं करशील तर औषधाचा फरक कुठला आणि चिकाचा कुठला, हे कोणालाच सांगता येणार नाही. सलाईनमध्ये 1 टक्का घोळून सेंट्रिफ्यूज केलास की रबरासारखा भाग खाली बसतो. तो फेकल्यावर द्रावण 1 टक्का राहत नाही! वरच्या पाण्याचा 1 मिली वाळवून वजन कर आणि तोच आकडा वहीत लिही. गाळ तसाच ठेवलास तर सुई तुंबते आणि प्रत्येक पंजात वेगळा डोस जातो.

तळव्यात 0.1 मिली दे. सुई कातडीखाली थोडी सरकव, टोचल्यावर क्षणभर थांबून काढ, नाहीतर द्रव परत बाहेर येतो. घोट्यावर शाईची खूण कर आणि दर वेळी तिथपर्यंतच पंजा प्लेथिस्मोमीटरमध्ये, म्हणजे पंजाचं आकारमान मोजणाऱ्या उपकरणात, बुडव. टोचण्यापूर्वीचं माप, मग 30 मिनिटं, 1, 2, 3, 4, 6 आणि 24 तास. औषधाविना हा आलेख काढल्याशिवाय एकाही गोळीला हात लावू नकोस. हे मी किती जणांना किती वेळा सांगितलंय! हटवादी म्हणतात मला. म्हणू देत. चीक ओळखण्यात गेलेल्या आठवड्याची हळहळ मला कधी वाटली नाही, न दिलेल्या आठवड्याची आजही वाटते.

तुझा दुसरा गोंधळ हिशेबाचा. मूळ पंजा 1.20 मिली, चिकानंतर 1.90, औषधासह 1.55. तू 1.90 आणि 1.55 यांची तुलना करून 18 टक्के काढलेस. सूज म्हणजे वाढ: 0.70 आणि 0.35. उत्तर 50 टक्के. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड अर्धा तास आधी देऊन ‘परिणाम नाही’ असं लिहिलंस, तेही खोड. ते जनुकांमार्फत काम करतं, त्याला काही तास आधी द्यावं लागतं.

वेदना सुजेपासून वेगळी मोज. मॉर्फिननं वेदना दबेल, पंजा तसाच सुजलेला राहील. उलट सिप्रोहेप्टाडिननं जनावर पेंगतं. दाब दिल्यावर पंजा उशिरा ओढला म्हणून दुखणं कमी झालं असं समजू नकोस. न टोचलेल्या पंजावरही दाब देऊन बघ, तिथेही उशीर झाला तर ती गुंगी आहे. मोजणाऱ्याला गट माहीत नसावा. आणि जनावर किती दुखणं सोसेल, कुठे थांबायचं, हे नीतिमत्ता समितीपुढे आधीच लिहून ठेव. त्या रेषेपलीकडचा एकही आकडा मला नको.

चष्म्याशिवाय चीक काढत जाऊ नकोस. डोळ्यात उडाला तर बरेचदा दुखत नाही, म्हणून हयगय होते; पारपटल सुजतं आणि धूसर दिसू लागतं तेव्हा कळतं. लगेच भरपूर पाण्यानं धू आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखव.

आलेख झाला की पाठव. डायक्लोफेनॅकचे नाही, नुसत्या चिकाचे आकडे.