कॉलेजचा इमर्जन्सी क्लब: व्हॅन राहू दे, आधी पायऱ्या मोज

तुझा प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजात वीसेक मुलंमुली इमर्जन्सी मेडिकल क्लब काढायला तयार आहेत, मेडिकलचं कुणीच नाही, एक माजी विद्यार्थी जुनी व्हॅन रुग्णवाहिकेसाठी देतोय, तर घ्यावी का, आणि शिकवायला कोण. अरेतुरे करतोय, राग मानू नकोस. गुहागरकडच्या एका कॉलेजात नऊ वर्षं मुलांबरोबर हेच काम करतोय.

व्हॅन घेऊ नकोस. अमेरिकेतल्या विद्यापीठांचे व्हिडिओ बघून ही हौस येते. तिथे असे क्लब चालवणारे विद्यार्थी स्वतः परीक्षा देऊन ईएमटी (तातडीची वैद्यकीय मदत देणारे तंत्रज्ञ) झालेले असतात आणि त्यांच्या कामाला एक डॉक्टर जबाबदार असतो. आपल्याकडे रुग्णवाहिका म्हटली की आरटीओची वेगळी नोंद आली, रुग्णवाहिकांसाठीची एआयएस-125 ही मानकं आली, चालक, विमा, डिझेल आलं. पहिलं सेमिस्टर मुलं मिरवतील, दुसऱ्यात तिच्यात कोंबड्या अंडी घालतील. शिवाय 108 ची रुग्णवाहिका राज्यात 2014 पासून आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो. गाडी येईपर्यंतचा वेळ तेवढा आपला.

आणि त्या वेळातलं सगळ्यात मोठं काम म्हणजे गाडी नेमक्या दारात आणणं. हे आम्हाला फजिती झाल्यावर कळलं. दुसऱ्या वर्षी आमच्या एका मुलाच्या वाडीत एका आजींच्या छातीत दुखायला लागलं. त्याने 108 ला फोन केला, गावाचं नाव सांगितलं आणि म्हणाला, "मधलीवाडी." फोन उचलला जातो पुण्यात. मधलीवाडी आपल्याकडे गावोगाव असते, आणि त्या गावाच्या नावाची दोन गावं तालुक्यात. गाडी दुसऱ्याच मधलीवाडीत जाऊन उभी. चालक फोन लावतोय आणि हा घरात, जिथे रेंजच नाही. वीस-पंचवीस मिनिटं गेली. आजी वाचल्या, पण त्यात आमचं कर्तृत्व शून्य.

तेव्हापासून आम्ही वही ठेवतो. साधी दोनशे पानी. प्रत्येक वाडीला एक पान: तिठ्यावरची खूण (देऊळ, शाळा, पाण्याची टाकी, "मोठा आंबा" चालत नाही, आंबे सगळेच मोठे), गाडी वळते ती शेवटची जागा, तिथून घरापर्यंत पाखाडीच्या (उतारावरच्या पायऱ्यांच्या वाटेच्या) पायऱ्या किती, रेंज कुठे येते. फोन करणारा रेंजच्या जागीच थांबतो आणि एक जण बाइक घेऊन तिठ्यावर उभा राहतो, पार्किंग लाइट लावून. रात्री बॅटरी दाखवायची. एवढंच. पण आमच्या क्लबने केलेल्या कामांत याच्याएवढा उपयोग दुसऱ्या कशाचा झाला नाही.

पाखाडीवरून माणूस न्यायचा सराव खरोखरचा कर. खुर्चीत बसवून नेताना, चढताना असो की उतरताना, त्याचं तोंड कायम उताराकडे. प्लास्टिकची खुर्ची वापरू नकोस, पाय फाकतात. जुनी लाकडी घे. कमरेला आणि छातीला ओढणी बांध. पावसाळ्यात शेवाळावर पुढच्याचा पाय सरकला की तिघंही खाली, म्हणून पुढे एक मोकळा माणूस पायरी तपासत जातो. मणक्याला मार असेल तर खुर्ची नाहीच.

मणक्यावरून आठवलं, आंब्याचा सीझन. कलमावरून माणूस पडला की चौघं हातपाय धरतात आणि टेम्पोत टाकतात. आपलं काम उलटं: हलवू द्यायचं नाही, डोकं दोन्ही हातांत जसंच्या तसं धरून बसायचं, आणि एकाने गर्दीवर डाफरायचं. आमच्यात हे डाफरणं मुलींना जास्त छान जमतं. बागांतले गडी पुष्कळदा नेपाळी असतात, म्हणून "कहाँ दुख्छ?" एवढं सगळ्यांना पाठ आहे. स्वतःच्या भाषेत विचारलं की माणूस निम्मा शांत होतो.

शिकवायला कोण, हा तुझा दुसरा प्रश्न. रेड क्रॉस आणि सेंट जॉन अॅम्ब्युलन्स या संस्था प्रथमोपचाराचे वर्ग घेतात. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या एका डॉक्टरांना मार्गदर्शक म्हणून गळ घाल. सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्याची छाती दाबणं: मिनिटाला 100 ते 120 दाब, पाच-सहा सेंटिमीटर खोल, दर दोन मिनिटांनी माणूस बदल. एकदा शिकून भागत नाही, दर महिन्याला घाम निघाला पाहिजे. गोळी कुणी कुणाला द्यायची नाही, शेजाऱ्याच्या डब्यातली छातीदुखीची सॉर्बिट्रेटसुद्धा.

समुद्राचा नियम एकच: आपली मुलं पाण्यात उतरणार नाहीत. दोरी आणि झाकण घट्ट लावलेला रिकामा तेलाचा कॅन फेकायचा. बाहेर काढलेल्याचं पोट दाबायचं नाही, उलटं धरून फिरवायचं नाही. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास, मग छाती. पाकटाचा (शेपटीला विषारी काटा असलेल्या चपट्या माशाचा) काटा पायाला लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय.

साप चावला तर बांधणं, कापणं बंद. हातपाय स्थिर आणि थेट दवाखाना. फुरशाचा रक्तस्राव कधी कधी काही तासांनी दिसतो, म्हणून "काही होत नाहीये" ऐकून परत फिरू नका. विंचू असो वा साप, दंशाची वेळ पेनाने मनगटावर लिहा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून दाखवलं, ते जितकं लवकर मिळेल तितकं बरं, आणि दवाखान्यात पहिला प्रश्न वेळेचाच असतो.

पालक पोलिसांच्या लफड्याला घाबरतील. त्यांना मोटार वाहन कायद्याचं कलम 134अ दाखव, 2019 च्या दुरुस्तीत आलेलं: रस्ता अपघातात सद्हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही. बाकी प्रसंगांना ते लागू नाही, हेही प्रामाणिकपणे सांग.

रोस्टर वर्गनिहाय करू नकोस, गावनिहाय कर. मे महिन्यात कॉलेज रिकामं असतं आणि नेमके तेव्हाच आंबे, पर्यटक आणि हायवेवर चाकरमानी. मुलं तेव्हा आपापल्या वाडीतच असतात. या रविवारी दोघादोघांना पायऱ्या मोजायला पाठव. आकडे वहीत शाईने नको, पेन्सिलीने. पावसाळ्यात दरड आली की पाखाडीची वाट बदलते.