नवा नळ बसवला, टेफ्लॉन टेपही लावली, तरी आट्यांतून पाणी झिरपतंय. काय चुकलं?
टेप बहुतेक उलटी गुंडाळली गेली आहे. नळाचं आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळा. उलटी असली की आवळताना ती सुटून गोळा होते. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत तीन-चार नळ मीच बदललेत, पहिला असाच ठिबकत होता. अर्ध्या इंची नळाला पातळ टेपचे १०-१२ वेढे ताणून द्या. त्याआधी भिंतीतल्या आट्यांवरचा बोअरच्या पाण्याचा पांढरा थर ब्रशने घासून काढा, हे कुणी करत नाही! आवळल्यावर नळ सरळ दिसावा म्हणून मागे फिरवू नका; फिरवलाच तर टेप नव्याने. मात्र गीझरच्या कनेक्शन पाइपच्या नटाला टेप नको, तिथे पाणी आतला रबरी वायसर अडवतो.